दहा हजार वजा

(पहाट. काळं रान. काढून आडवी टाकलेली ज्वारी, कडेला पेंढ्या बांधणाऱ्या बाया.)

मंगळवेढ्याच्या बाजूचा हा काळ्या मातीचा पट्टा. फेब्रुवारी लागला की इथं मालदांडी ज्वारीची काढणी सुरू होते. हे चार एकर माझ्या आईचं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिची पेन्शन बँकेत जमा होते आणि काढणीच्या दिवसांत बायांची मजुरी त्याच पेन्शनमधून जाते.

२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. पाच बायांचं चार दिवसांचं काम झालं होतं. चारशे रुपये रोजानं आठ हजार द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी बाजार. बाजाराआधी मजुरी हातात पडली तरच घरात तेल-मीठ येतं, त्यामुळं आमच्याकडं ही तारीख कुणी चुकवत नाही.

(संध्याकाळ. एसटी स्टँडसमोरचा रस्ता. एटीएमचा काचेचा दरवाजा.)

आई स्टँडसमोरच्या एटीएमवर गेली. तिचं खातं एका बँकेत, मशीन दुसऱ्या बँकेचं. कार्ड घातलं, पिन दाबला, दहा हजारांचा आकडा टाकला. आत नोटा मोजल्याचा खडखडाट झाला आणि मध्येच थांबला. व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही, असं पडद्यावर आलं. कार्ड परत मिळालं. नोटा नाहीत, पावती नाही. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. खात्यातून १०,००० रुपये वजा.

आई सांगते, "मी तिथनं हललेच नाही. वाटलं, मी बाहेर पडले आणि मागनं पैसे आले तर? मागं लाइन होती. त्यांना म्हणत होते, बाबांनो, जरा थांबा, माझे पैसे आत आहेत."

माझे पैसे आत आहेत. पुढचे साडेतीन महिने आम्ही कागदावर हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहीत राहिलो.

(मशीनचं आतलं रेखाचित्र. नोटांच्या पेट्या, पट्टे, चाकं.)

आत नेमकं काय होतं, ते आधी समजून घेऊ. काउंटरवर उभं राहिल्यावर ही माहिती उपयोगी पडते.

आपण आकडा टाकतो तेव्हा मशीन ज्या बँकेचं असतं, तिच्या स्विचकडे, म्हणजे व्यवहारांचे संदेश पुढं पाठवणाऱ्या संगणकाकडे, तो पाठवतं. कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल, तर संदेश नॅशनल फायनान्शियल स्विचमार्फत खातं असलेल्या बँकेकडे जातो. बँकांची एटीएम एकमेकांना जोडणारं हे जाळं २००४ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेनं उभारलं. २००९ च्या अखेरीपासून ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवतं. खातं असलेली बँक शिल्लक बघते, रक्कम वजा करते आणि होकार कळवते. त्यानंतर मशीन नोटा मोजायला घेतं.

म्हणजे खातं आधी रिकामं होतं, नोटा नंतर बाहेर येतात. सगळी गडबड या दोहोंमधल्या काही सेकंदांत होते. नोट दुमडलेली असते, दोन नोटा चिकटून येतात, पट्ट्यात काहीतरी अडकतं. अशा नोटा मशीन आतल्याच एका वेगळ्या पेटीत टाकून देतं. तिला रिजेक्ट बिन म्हणतात. नोटा दिल्या नाहीत, रक्कम परत जमा करा, असा उलटा संदेश मशीननं लगेच पाठवायचा असतो. बहुतेक वेळा तो पोचतो आणि दोन मिनिटांत पैसे खात्यात परत दिसतात. त्याच क्षणी लाइन तुटली, तर संदेश वाटेतच राहतो आणि खात्यात रक्कम वजाच राहते.

मात्र मशीन सगळं लिहून ठेवतं. कितीची मागणी झाली, कुठल्या पेटीतून किती नोटा उचलल्या, किती बाहेर दिल्या, किती रिजेक्ट झाल्या, सगळं वेळेसकट. या नोंदवहीला जर्नल म्हणतात. शिवाय पैसे भरणारी माणसं येतात तेव्हा रोकड मोजली जाते. आईचे दहा हजार बाहेर आले नसतील, तर मोजणीत ते जास्तीचे निघणारच. वर कॅमेरा असतोच. जर्नल, मोजणी आणि कॅमेरा, तिन्ही पुरावे बँकेकडे. सत्तरीच्या बाईच्या हातात काय होतं? फोनवरचा एक मेसेज.

(दुपार. बँकेच्या शाखेतलं बाकडं.)

शनिवारी सकाळी आई तिच्या बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलानं मेसेज पाहिला आणि म्हणाला, "मावशी, मशीन आमचं नाही. ज्यांचं आहे त्यांच्याकडं जावा." ती बँक बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. आई तिथं चालत गेली. तिथल्या बाईंनी सांगितलं, "कार्ड आमचं नाही, खातं आमचं नाही. तुमच्या बँकेत विचारा." आई परत फिरली. पहिल्या बँकेत आता उत्तर बदललं होतं. "येतील आपोआप. आठ दिवस वाट बघा." अर्ज द्या, असं कुणी म्हटलं नाही. तक्रार क्रमांक कुणी दिला नाही.

त्या दिवशी आईनं किराणा दुकानदाराकडून आठ हजार हातउसने घेतले आणि बायांची मजुरी चुकती केली. अख्ख्या नोकरीत कुणापुढं हात न पसरलेली बाई. दहा हजार अडकले त्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. मी पुण्याहून रविवारी पोचले तेव्हा तिनं आधी उसनवारी सांगितली, एटीएमचं नंतर.

त्या काउंटरवर तिला दिलेली पहिली माहितीच चुकीची होती. मशीन कुठल्याही बँकेचं असो, तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे, म्हणजे आपलं खातं असलेल्या बँकेकडे करायची. दुसऱ्या बँकेशी बोलणं, जर्नल मागवणं, हे तिचं काम. ग्राहकानं उन्हातून हेलपाटे घालायचं काही कारण नाही.

(पडद्यावर तारखा : २००९, २०११, २०१९.)

असे अडकलेले पैसे किती दिवसांत परत यायला हवेत, हे रिझर्व्ह बँकेनं फार पूर्वीच ठरवून दिलं आहे. २००९ मध्ये तक्रारीपासून बारा कामकाजाचे दिवस ही मुदत होती आणि उशिराबद्दल ग्राहकाला रोज शंभर रुपये. २०११ मध्ये बाराचे सात झाले, पण भरपाईसाठी व्यवहारापासून तीस दिवसांच्या आत तक्रार करावी लागे. मग २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आलं, त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून लागू झालेलं. खात्यातून रक्कम वजा झाली आणि नोटा मिळाल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेनं ती स्वतःहून परत करायची. पाच दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्या धरून. त्यापुढं उशीर झाला, तर दर दिवसाला शंभर रुपये खातेदाराच्या खात्यात जमा करायचे.

स्वतःहून, या शब्दावर मी मुद्दाम थांबते. भरपाईसाठी ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहायची नाही, असं हे परिपत्रक सांगतं. नियम करणाऱ्यानं आईकडं कामाला येणाऱ्या बायांसारख्या माणसांचा विचार केला होता. अर्ज लिहिता न येणाऱ्यांचा, शाखेत जायला एसटीचं तिकीट काढावं लागणाऱ्यांचा. तो विचार काउंटरपर्यंत पोचलाच नाही, याचा मला अजून राग येतो.

(हातानं लिहिलेला अर्ज. खाली दोन प्रती.)

सोमवारी, ५ तारखेला, आम्ही अर्ज घेऊन गेलो. आईच्या वळणदार अक्षरात एका पानाचा अर्ज. खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख, वेळ, मेसेजमधला व्यवहार क्रमांक, एटीएमची जागा आणि मशीनवर लिहिलेला त्याचा क्रमांक. स्लिप नसल्यानं हा शेवटचा क्रमांक मी सकाळी जाऊन मशीनवरून उतरवून आणला होता.

काउंटरवर अर्ज ठेवून घेतला. आईनं दुसरी प्रत पुढं केली, "यावर पोच द्या."

"पोच लागत नाही मावशी. साहेबांकडं देतो मी."

आई म्हणाली, "चौतीस वर्षं मी शाळेचं हजेरीपुस्तक सांभाळलंय. कागद दिला की पोच घ्यायची असते."

साहेब जेवायला गेले होते. आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. सव्वा तासानं ते आले, त्यांनी अर्ज वाचला आणि मुकाट्यानं शिक्का मारला. तक्रार क्रमांकही त्याच पानावर लिहून दिला. दहा मिनिटांचं काम होतं. हा निळा शिक्का पुढं आमचा एकमेव आधार ठरला.

७ तारीख आली. पाच दिवस संपले. पैसे आले नाहीत.

१२ तारखेला मेसेज आला. व्यवहार यशस्वी झालेला आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. आईनं तो दोनदा वाचला आणि मला फोनवर विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलतेय, असं म्हणतायत का ते?"

असं उत्तर अनेकांना येतं आणि बहुतेक जण तिथंच थांबतात. यशस्वी म्हणजे काय, हे विचारायला हवं. स्विचच्या नोंदीत होकार दिलेला दिसला की व्यवहार यशस्वी दिसतो. नोटा तोंडाशी आल्या का, कुणी उचलल्या का, ते जर्नल, मोजणी आणि कॅमेरा बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा अर्ज, या वेळी बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांच्या, म्हणजे शाखेत न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्यांच्या नावे. त्यात तीन मागण्या. त्या वेळेचं जर्नल दाखवा. त्या मशीनची त्यानंतरची पहिली रोकड मोजणी दाखवा. कॅमेऱ्याचं चित्रण तपासा आणि तक्रार मिटेपर्यंत पुसू नका. चित्रण कायम ठेवलं जात नाही, म्हणून ही मागणी लवकर आणि लेखी करावी.

मधे शिवजयंतीची सुट्टी आली. दुकानदारानं पैशांचा विषय काढला नाही, पण आई त्याच्या दुकानावरून जायची टाळू लागली.

२६ फेब्रुवारीला खात्यात १०,००० रुपये जमा झाले. सोबत ना पत्र, ना कारण. त्याच संध्याकाळी आईनं दुकानदाराचे आठ हजार फेडले.

आता उरला तो हिशेब. मुदत ७ फेब्रुवारीची, पैसे आले २६ ला. एकोणीस दिवस, एकोणीसशे रुपये. शाखेत विचारलं तर, "मुद्दल मिळालं ना? अशी भरपाई आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही."

मला वाटलं होतं, आई आता सोडून देईल. तिनं पुन्हा कागद काढला. २७ तारखेला तिसरा अर्ज, परिपत्रकाची प्रत जोडून. पोचेसकट.

तीस दिवस गेले, उत्तर आलं नाही. तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी देशभर एकच एकात्मिक योजना आहे. फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज करता येतो. इंटरनेट जमत नसेल, तर चंदीगडच्या केंद्राकडे टपालानं पाठवता येतो, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिन्ही अर्जांच्या पोचा आणि पासबुकाचं पान जोडून तक्रार केली.

मे महिन्यात १,९०० रुपये जमा झाले.

(रानातलं घर. ओसरीवर आई आणि पाच बायांपैकी एक.)

हे शूटिंग चालू असताना काढणीला येणाऱ्या एक मावशी ओसरीवर बसून सगळं ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "बाई, माझं पण असंच गेलं होतं की. दोन हजार. मागल्याच्या मागल्या दिवाळीत."

तक्रार केली होती का, असं मी विचारलं.

"कुणाला सांगायचं? पोरगं म्हणलं, मशीननं खाल्लं. म्हणलं, खाल्लं तर खाल्लं."

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं. आईनं चष्मा लावला आणि पानं मागं उलटत गेली. ऑक्टोबर २०२२. २,००० रुपये वजा. त्याखाली परत जमा झाल्याची नोंद कुठंच नाही. या बाईंच्या पाच दिवसांच्या मजुरीएवढी ही रक्कम. ती परत करायला कुणाच्या तक्रारीची गरज नव्हती, त्या वेळीही नियम हाच होता.

आईनं वहीतला कागद फाडला आणि वर तारीख घातली. मावशी सांगत होत्या, आई लिहीत होती. खाते क्रमांक, रक्कम, एटीएमची जागा. शेवटी मावशींनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर.

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या एसटीनं तालुक्याला गेल्या. सोबत अर्जाच्या दोन प्रती होत्या.