शेवटचा शब्द कोणाचा?

(सावंतवाडी येथे आशासेविका, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि नागरिकांसमोर एका वकील महिलेने गर्भपाताच्या कायद्यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आंबोलीचा घाट चढून पुढे गेलं की बेळगाव. आपल्यातल्या कितीतरी जणांचे सोयरे तिथे आहेत. सविता हलप्पनवार त्या बेळगावची. शिकून दंतवैद्य झाली आणि नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहायला गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतरा आठवड्यांची गरोदर असताना, तिला रुग्णालयात दाखल केलं. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. गर्भपात करा, अशी विनंती तिने केली. पण गर्भाचे ठोके चालू होते आणि तिच्या जिवाला धोका आहे असं डॉक्टरांना अजून वाटत नव्हतं, म्हणून ते थांबले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. चौकशीत देखरेखीतल्या चुकाही निघाल्या. पण डॉक्टरांचे हात अडकले होते ते कायद्यात. १९८३ पासून आयर्लंडच्या राज्यघटनेत गर्भाच्या आणि आईच्या जगण्याचा हक्क समान मानला होता.

तीच सविता त्या दिवशी बेळगावात असती तर? आपल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे दोन डॉक्टरांचं मत पुरलं असतं. मला ही गोष्ट आजही स्वस्थ बसू देत नाही. आयर्लंडचे लोकही स्वस्थ बसले नाहीत. २५ मे २०१८ रोजी त्यांनी सार्वमत घेतलं, दोन तृतीयांश मतदारांनी घटनेतलं ते कलम काढून टाकलं, आणि आता तिथे बाराव्या आठवड्यापर्यंत बाई कारण न देता गर्भपात करून घेऊ शकते.

कुठल्याही देशाचा गर्भपाताचा कायदा हातात घेतला की मी आधी एवढंच शोधते: शेवटचा शब्द कोणाचा? फ्रान्समध्ये चौदा आठवड्यांपर्यंत तो बाईचा आहे, आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनी हे स्वातंत्र्य थेट राज्यघटनेत लिहिलं. आपला शेजारी नेपाळ, तिथे २००२ पर्यंत गर्भपातासाठी बायका तुरुंगात जात होत्या. आज बारा आठवड्यांपर्यंत बाईची इच्छा पुरते. ब्रिटनचा १९६७ चा कायदा दोन डॉक्टरांचं मत मागतो. जपानमध्ये लग्न झालेल्या बाईला साधारणपणे नवऱ्याची संमती लागते. एल साल्वादोरमध्ये १९९८ पासून संपूर्ण बंदी आहे, आईचा जीव धोक्यात असला तरी.

अमेरिकेचं काय, असं मुलं नेहमी विचारतात. १९७३ पासून तिथे हा हक्क देशभर होता. २४ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. आज टेक्सासमध्ये जवळजवळ पूर्ण बंदी आहे आणि लागूनच असलेल्या न्यू मेक्सिकोत आठवड्यांची मर्यादाच नाही. बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात शिरलं की इथला गुन्हा तिथे हक्क व्हावा, असा हा प्रकार. आपल्याकडे तसं नाही. कायदा केंद्राचा आहे. इथली पेशंट ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेली काय किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात गेली काय, तिला एकच कायदा लागू होतो.

तो कायदा आता नीट बघू. इंग्रजांनी १८६० मध्ये गर्भपात गुन्हा ठरवला. आजच्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ८८ मध्ये, तो गुन्हाच आहे, आणि करून घेणारी बाईसुद्धा त्यात येते. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली, कारण चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. तो या गुन्ह्याला अपवाद करतो, आणि संरक्षण देतो ते डॉक्टरला. म्हणून आपल्याकडे कायद्याच्या कागदावर शेवटचा शब्द डॉक्टरचा आहे, बाईचा नाही. मला हे मान्य नाही. पण आहे ते हे आहे, आणि त्यातही बाईला बरंच मिळतं.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर विसाव्या आठवड्यापर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. बाईच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होईल, गर्भात मोठा दोष आहे, बलात्कार झाला आहे किंवा संततिनियमनाचं साधन फसलं आहे, ही कारणं चालतात. पूर्वी हे शेवटचं कारण फक्त विवाहितेला होतं. आता कुठल्याही स्त्रीला आहे. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि ही मुदत बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली अशा ठरावीक स्त्रियांसाठी आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही यात जागा दिली, आणि नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारच मानायची, असं सांगितलं. बाईचा जीव वाचवायला तातडीने गर्भपात करावा लागला तर आठवड्यांची अटच नाही.

चोवीस आठवड्यांनंतर गर्भातल्या मोठ्या दोषासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं आहे. त्यापलीकडे न्यायालय, आणि तिथे काय होईल हे वकील म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बत्तीस आठवडे उलटलेल्या एका बाईला परवानगी दिली. गर्भात दोष होता, मंडळाने नकार दिला होता, तरी निर्णय तिचाच आहे असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन मुलांच्या एका आईला सव्वीस आठवड्यांवर नकार दिला. अंगावर पाजत असल्याने पाळी आलीच नव्हती, म्हणून तिला कळलं उशिरा. आपल्या भागासाठी एक बदल मोलाचा आहे: ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरमधल्या सर्किट बेंचपुढे चालतात, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

पण न्यायालयापर्यंत गोष्ट जाते कशी, ते सांगते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. मग कोणाला सांगावं या विचारात महिना जातो. नवरा मुंबईत, गणपतीला येईल तेव्हा बोलू, म्हणून आणखी थांबायचं. पावसात वाडीतून तालुक्याला यायचं म्हणजे दिवस मोडतो. गर्भातले दोष दाखवणारी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत होते, आणि तिची तारीख मिळायलाही वेळ लागतो. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच चालतात, त्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. औषधाच्या दुकानातून कोणीतरी आणून दिलेल्या गोळ्या परस्पर घेऊ नका. त्यात जीव जाऊ शकतो.

आशाताईंनो, तुमच्या कानावर दोन गैरसमज रोज येत असणार. पहिला, गर्भपात सरसकट बेकायदा आहे. तो होतो दवाखान्यातल्या पाट्यांमुळे, पण त्या पाट्या गर्भलिंग तपासणीविरुद्ध आहेत. त्या तपासणीवर बंदी आणणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला आणि तो हवाच होता. पण त्या पाटीमुळे नियमात बसणारी बाई घाबरून परत फिरते, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरा गैरसमज म्हणजे नवऱ्याची सही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. दवाखान्याने सासूची, नवऱ्याची सही मागितली तर ती कायद्यात नाही, असं स्पष्ट सांगा. तिचं नाव अनधिकृत माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते, आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीने आईबाप तिला दवाखान्यातच नेत नाहीत. २०२२ च्या त्याच निकालाने वाट दिली आहे: मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. हा निकाल सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक असतो असं नाही. त्यातल्या या परिच्छेदांच्या प्रती मी आणल्या आहेत, दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येकीने एक घ्या आणि उपकेंद्रात नेऊन द्या. प्रश्न आता विचारा. सगळ्यांसमोर नको असेल त्यांनी कार्यक्रमानंतर भेटा, मी शेवटच्या एसटीपर्यंत इथे आहे.