पाण्याकाठच्या माणसाला आधी विचारा

नमस्कार श्रोतेहो,

पाण्यातून बाहेर काढलेल्या नावेच्या बुडावरून एकदा हात फिरवून बघा. गुळगुळीत लागलं तर ठीक. पण पॉलिश पेपरवरून हात फिरल्यासारखं खरखरीत लागलं, तर शंका घ्यायला हवी. झेब्रा शिंपल्याची पिल्लं अशीच सापडतात. डोळ्यांना धड दिसत नाहीत, हाताला मात्र कळतात. हा शिंपला मूळचा काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा. १९८८ मध्ये तो उत्तर अमेरिकेतल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. मोठी जहाजं तोल राखायला पोटात पाणी भरून घेतात, त्या पाण्यातून तो आला असावा. पुढचा प्रवास त्याने लहान नावांच्या तळाला चिकटून, ट्रेलरवर बसून, चक्क रस्त्याने केला. एक मादी वर्षाला लाखो अंडी घालते. एकदा शिरला की तो पाणी ओढणाऱ्या पाइपांची तोंडंसुद्धा बुजवतो.

पण आज मला शिंपल्यापेक्षा, अशा बाहेरून आलेल्या जिवांना रोखायला लागणाऱ्या पैशांबद्दल बोलायचं आहे. जैवविविधतेवर काम करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरसरकारी मंचाने २०२३ मध्ये हिशेब मांडला. जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या परक्या आक्रमक प्रजातींपायी, म्हणजे बाहेरून येऊन फैलावणाऱ्या आणि नुकसान करणाऱ्या जिवांपायी, २०१९ साली जगाला ४२३ अब्ज डॉलरहून जास्त भुर्दंड बसला. त्यातला ९२ टक्के भाग निव्वळ नुकसानीचा आहे. बंदोबस्तावर गेले जेमतेम ८ टक्के. याचं कारण समजण्यासारखं आहे. जलपर्णीने भरलेला तलाव सगळ्यांना दिसतो, त्यामुळे ती काढायला पैसे मिळतात. जी जलपर्णी आलीच नाही, तिच्यासाठी निधी मागणाऱ्याकडे दाखवायला काहीच नसतं.

एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया नावाचं एक शेवाळ आहे, मत्स्यालयांच्या टाक्यांत शोभेसाठी लावायचे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळावर त्याचा एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. कोणी मनावर घेतलं नाही, आणि पुढे भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ त्याने व्यापला. तेच शेवाळ २००० मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडच्या खाजणात उगवलं. तिथे पाणगवताची पाहणी करायला बुडी मारलेल्या माणसांच्या ते नजरेस पडलं. तीन आठवड्यांच्या आत त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडायला सुरुवात झाली. २००६ मध्ये ते समूळ गेल्याचं जाहीर झालं. तो तळ ओळखीचा असलेले डोळे तिथे होते, म्हणून वेळेत कळलं.

पण पाण्याशी रोजची ओळख असलेली माणसं, या बंदोबस्ताचा निधी जिथे ठरतो त्या बैठकीत असतात का? बहुतेक ठिकाणी आराखडा आधीच छापलेला असतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत विचारतात, "कुणाला काही सूचना?" तीही कामाच्या दिवशी, भर दुपारी. मासेमार तेव्हा पाण्यावर असतो. याला विचारणं म्हणत नाहीत. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २०१४ मध्ये कायदा करून पाण्यातल्या परक्या प्रजाती रोखायचा निधी थेट काउंटींकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे दिला. २०१५ पासून वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. निम्मी रक्कम नावा उतरवायचे धक्के किती यावर, निम्मी ट्रेलर उभे करायच्या जागा किती यावर. सरोवर केवढं मोठं आहे, हे इथे बघत नाहीत. नावा कुठे येतात, ते बघतात. मला हे पटतं. तरीही ट्रेलरच्या जागा मोजून कुठली नाव कुठल्या पाण्यातून आली, हे कळत नाही. ते धक्क्यावर रोज बसणाऱ्याला कळतं.

म्हणून बैठकीला जाल तेव्हा "काहीतरी करा" एवढंच सांगून परत येऊ नका. नेमकं बोला. नावांचा तपासनीस दहा वाजता येतो आणि नावा पहाटे पाचला सुटतात, हे सांगा. नाव धुवायची सोय धक्क्यापासून इतकी लांब आहे की तिकडे कोणी जात नाही, हे सांगा. सगळा ठपका मासेमारांवर येत असेल, तर घरच्या काचटाकीतले मासे आणि शेवाळ ओढ्यात कोण ओततं, हेही विचारा. बोलायला संकोच वाटला तर लिहून द्या, आणि पोच घ्या.

नाव बाहेर काढल्यावर काय करायचं, ते तुम्हाला माहीतच आहे. तळाचं बूच काढून पाणी काठावरच सोडायचं, अडकलेलं गवत ओढून काढायचं, आणि दुसऱ्या पाण्यात घालण्याआधी नाव निदान पाच दिवस कोरडी ठेवायची. पण ज्याचं पोट त्या एकाच नावेवर आहे, त्याने या पाच दिवसांत खायचं काय? गरम पाण्याने नाव धुवायची सोय फुकट मिळाली, तर हे दिवस वाचतात. पुढच्या निधीच्या बैठकीत पहिली मागणी हीच नोंदवा.