काकीचं कडू श्रीखंड

नमस्कार. साडेसातला याच हॉलमध्ये जत्रेच्या नाटकाची तालीम आहे, त्यामुळे सव्वासातला मला थांबायचंय. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जैवरेणू आणि एन्झाइम’, तो मी घेणारच आहे, पण आधी काकीच्या श्रीखंडाची गोष्ट सांगू दे, कारण बायोकेमिस्ट्री कुठून शिकवायला सुरुवात करावी याबद्दल माझं जे मत आहे ते त्या श्रीखंडातूनच आलंय. आणि मागच्या टेबलावर दोन वाट्या झाकून ठेवल्यात त्यांना अजून कोणी हात लावू नका.

आमचं घर फोंड्याकडे, मागे कुळागर, माडा-पोफळीच्या बुडाशी अननस. मी आठवीत होतो. काकीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि पाडव्याचं श्रीखंड तिच्याकडे आलं. तिने चक्का बांधला, साखर घालून पुरणयंत्रातून काढला, वेलची घातली आणि काकांनी आदल्या दिवशी तोडून आणलेला अननस बारीक चिरून रात्रीच त्यात कालवला, म्हणजे सकाळपर्यंत छान मुरेल. फ्रीज नव्हता, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली, केळीच्या पानावर श्रीखंड वाढलं तर ते पानावर थांबेना, ओघळून भाताला लागलं. कडेने पाणी सुटलेलं. आणि चव! आधी गोड लागायचं, मग गिळताना जिभेच्या मागच्या बाजूला कडू, कारल्यासारखं सरळ कडू नाही, औषधाची गोळी विरघळल्यासारखं.

आजी एवढंच म्हणाली, “हिच्या हाताला गुण नाही.”

झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं सणाच्या दिवशी काकी फक्त नारळ खोवायची. गोडाच्या पातेल्याला हात नाही. कोणी ओरडलं नाही, भांडण नाही, पण मोदक वळायला बसल्यावर सगळ्याजणी तिला म्हणायच्या, तू राहू दे गो. हे मला आजही लागतं. कारण त्याच दिवशी, त्याच अननसाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचा आजीने शिरा केला होता आणि तो झकास झाला होता, म्हणजे पुरावा सगळ्यांच्या पानात वाढलेला होता, फक्त तो वाचायला कोणाला येत नव्हता.

मला तो वाचता आला पुढे कॉलेजात, प्रॅक्टिकलला. दोन परीक्षानळ्या, दोन्हीत पातळ दूध. एकीत अननसाचा कच्चा रस, दुसरीत तोच रस उकळून गार केलेला, आणि दोन्ही कोमट पाण्यात उभ्या करायच्या. थोड्या वेळाने पहिल्या नळीतला पांढरेपणा जायला लागला, मागे धरलेल्या वहीवरची अक्षरं दिसायला लागली. दुसरी पांढरीच. बाकीची मुलं वेळ लिहून घेत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर पाडव्याची पंगत.

आता ऐका काय झालं होतं ते. दुधात केसीन नावाचं प्रोटीन असतं, चक्का म्हणजे बराचसा तेच. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी मुख्यतः २० प्रकारचे, पण क्रम वेगवेगळा, त्यामुळे माळा अगणित. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम आहे, ते या माळा मधेमधे तोडतं. तुटलेल्या छोट्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात आणि त्यातले काही चवीला कडू असतात. माळा तुटल्या की चक्क्याची जाळी सुटते, जाळीत धरलेलं पाणी बाहेर येतं. कोणी म्हणेल अननस आंबट म्हणून फाटलं असेल, पण चक्का मुळातच आंबट, त्यात लिंबू पिळलं तरी कडू होत नाही. कच्ची पपई मटणाला लावतात तेही हेच काम, तिथे पपेन नावाचं एन्झाइम.

मग शिरा का बिघडला नाही? कारण ब्रोमेलेन हेही एक प्रोटीनच आहे. त्याची माळ एका ठरलेल्या रीतीने स्वतःभोवती दुमडलेली असते आणि त्या दुमडण्यातून एक खोबण तयार होते, त्या खोबणीत बसेल तेवढंच ते तोडू शकतं. आजीने शिऱ्यात अननस शिजवला, आचेने ती घडी मोडली. माळ तीच, मणी तेच, खोबण गेली. अंड्याचा पांढरा भाग एकदा उकडला की गार करून पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे. म्हणजे गुण हाताला नव्हता, गुण आकाराला होता! हे एवढं कळलं ना की एन्झाइमचं निम्मं शास्त्र कळलं असं मी वर्गात नेहमी सांगत आलो.

आणि याच ठिकाणी पाठ्यपुस्तकांबद्दल माझी तक्रार आहे. पहिल्याच ओळीत व्याख्या, ‘एन्झाइम हे जैविक उत्प्रेरक होत’, मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात, आणि घरी आई अननस दुधात घालते तेव्हा गप्प बसतात. आधी कडू श्रीखंड चाखवा की. व्याख्या मागाहून येऊ दे.

एन्झाइम म्हणजे प्रोटीन हे शास्त्रज्ञांनाही सहज पटलं नव्हतं बरं का. जेम्स समनर नावाचा अमेरिकन, सतरा वर्षांचा असताना शिकारीत गोळी लागून डावा हात कोपराखालून गेला आणि हा मूळचा डावखुरा. त्याने उजव्या हाताने सगळं नव्याने शिकून घेतलं, लोकांनी केमिस्ट्री सोड म्हणून सांगितलं तरी सोडली नाही. आपल्याकडच्या अबईच्या शेंगेच्या जातकुळीतली एक शेंग, तिच्या बियांतून त्याने नऊ वर्षं खटपट करून १९२६ साली युरिएज या एन्झाइमचे स्फटिक काढले आणि दाखवलं की हे प्रोटीन आहे. जर्मनीतले बडे लोक मानायला तयार नव्हते. नोबेल मिळालं १९४६ ला, वीस वर्षांनी. एका हाताने... काकीची गोष्ट सांगताना हा माणूस मला दर वेळी आठवतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, पत्रिकेवरचा विषय.

जैवरेणूंची चार मोठी घराणी. प्रोटीन झालं. दुसरं कर्बोदकं, उकड्या तांदळाच्या पेजेतली शितं न गिळता बराच वेळ चावत रहा, गोडसर लागतात, कारण लाळेतलं अमायलेज स्टार्चची लांब साखळी तोडून माल्टोज नावाची साखर करतं. तिसरं स्निग्ध पदार्थ, खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं कारण त्यातली बहुतेक फॅटी आम्लं सरळ, एकमेकांना चिकटून रचली जाणारी. चौथं न्यूक्लिक आम्लं, डीएनए आणि आरएनए, कुठल्या माळेत कुठला मणी कुठे ओवायचा ते यात लिहिलेलं.

एन्झाइम नक्की करतं काय? मोल्याहून अनमोडला जायचं तर घाट चढावा लागतो. समजा कोणी बोगदा काढला, तर मोले तिथेच आणि अनमोडही तिथेच, फक्त मधला चढ कमी. रासायनिक क्रियेतला तो चढ एन्झाइम कमी करतं, आणि स्वतः खर्च होत नाही, पुढच्या रेणूला मोकळं. आपल्या रक्तपेशीतलं कार्बोनिक अनहायड्रेज हे एन्झाइम सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणू हाताळतं. एन्झाइमची खोबण म्हणजे कुलूप आणि तीत बसणारा रेणू म्हणजे किल्ली, ही उपमा एमिल फिशरची, १८९४. पुढे १९५८ ला कॉशलँडने सांगितलं की कुलूप इतकं ताठ नसतं, हात घातल्यावर हातमोजा आकार घेतो तसं ते किल्लीप्रमाणे थोडं वळतं. आणि सगळीच एन्झाइम प्रोटीन नसतात, काही आरएनएची असतात, त्या शोधाला १९८९ चं नोबेल आहे.

फेणी राहिली! नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, सकाळी गोड आणि ठेवला की फसफसतो, ते यीस्ट या सूक्ष्मजीवामुळे. एन्झाइम शब्दाचा ग्रीकमधला अर्थच ‘यीस्टच्या आत’. जिवंत यीस्टशिवाय आंबणं होत नाही असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं, १८९७ ला बुख्नरने यीस्ट वाळूबरोबर घोटून, पिळून नुसता रस काढला, टिकावा म्हणून त्यात साखर घातली तर रसच फसफसायला लागला. पेशी एकही नाही, नुसती एन्झाइम. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

काकीला हे मी कॉलेजातून सुट्टीला आलो तेव्हा सांगितलं, चुलीपाशी बसून, अगदी पेप्टाइडसकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हें तुज्या आजयेक सांगलें?” आजी तोवर गेली होती.

नाटकवाले दारात उभे आहेत, या या, आत या. मागच्या वाट्यांवरचं झाकण आता काढा. दोन्हीत सकाळी नऊला चक्का-साखर घातलीय, निळ्या वाटीत कच्चा अननस आणि पांढऱ्या वाटीत पाच मिनिटं उकडलेला. निळी आधी नुसती तिरकी करून बघा, पाणी दिसेल. चाखायची तर बोटाच्या टोकावर घ्या आणि गिळल्यावर जरा थांबा, कडू मागाहून येतं.