रात्री एक येतात, सकाळी दुसरे

गडचिरोलीतल्या भामरागडला तीन नद्या एकत्र येतात, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम. इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. पण इथल्या माडिया आदिवासी माणसाला राज्याची सीमा वगैरे कधी नीट दिसलीच नाही, कारण त्याची बहीण पलीकडे दिलेली असते आणि मामा अलीकडे राहत असतो.

१९८० च्या आसपास आंध्रातून नक्षलवाद्यांची पहिली दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, इकडे आली तेव्हा गडचिरोली जिल्हासुद्धा झालेला नव्हता, तो १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्या वेळी इथल्या लोकांना माओ कोण हे माहीत असायचं काही कारणच नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की जंगलखात्याचा माणूस आला की घरातली कोंबडी जाते, आणि तेंदूपानाच्या पुड्याला किती पैसे द्यायचे ते कंत्राटदार ठरवतो. दलमने कंत्राटदाराला दम देऊन तो भाव वाढवून घेतला. झालं, दरवाजा उघडला. हे आधी मान्य केलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आता एक घर डोळ्यासमोर आणा. रात्रीचे अकरा, कुडाची भिंत, बाहेर कुत्री भुंकायला लागली. पंधरा-वीस जण खांद्याला बंदुका लावून अंगणात उभे, म्हणतात भात टाक. ती बाई काय करणार, नाही म्हणणार? ती मोठं भगुणं काढते आणि भात टाकते. पहाटे ते निघून जातात आणि सकाळी पोलीस पार्टी येते, चुलीजवळ ते भगुणं बघते आणि विचारते, घरात माणसं चार, मग एवढा भात कुणासाठी शिजवला? खरं सांगितलं तर दलम म्हणणार खबरी, आणि खबरी ठरवून या जिल्ह्यात शेकडो गावकरी मारले गेलेत, पाटील, सरपंच, साधे शेतकरी. खोटं सांगितलं तर पोलीस म्हणणार नक्षल समर्थक.

१९९० च्या दशकात याच भातासाठी लोक टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली आत गेले. भात दिला, निरोप पोचवला, मीटिंगला बसला, असले गुन्हे. त्यातले कितीतरी पुढे निर्दोष सुटले, पण तोवर वर्षं गेली, बैलजोडी विकली गेली. माझं स्पष्ट मत आहे, त्या काळात दलमला भरतीसाठी वेगळी मेहनत करावी लागली नसेल, पोलीस ठाण्यात खाल्लेली एक थप्पडही पुरत असेल.

१९९० मध्येच पोलिसांनी एक वेगळी गोष्ट केली. इथलीच साठ पोरं निवडून एक पथक काढलं, सी-६०. बाहेरून आलेल्या जवानाला सगळी गावं सारखी दिसतात, या पोरांना मात्र माडिया येते, गोंडी येते, कुठल्या पायवाटेने कुठे निघता येतं ते कळतं, आणि मुख्य म्हणजे समोरचा माणूस घाबरलाय की लपवतोय यातला फरक कळतो. त्याची किंमतही त्यांनीच मोजली, कारण त्यांची घरं त्याच गावांत होती. सी-६० बद्दल मारहाणीच्या तक्रारी झाल्या, त्याही विसरायला नकोत. पण भाषा येणारा पोलीस आणि न येणारा पोलीस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नदीपलीकडे काय झालं ते बघा. २००५ मध्ये बस्तरमध्ये सलवा जुडूम सुरू झालं, नक्षलवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांच्याच हातात बंदुका देऊन. गावं जळली, माणसं कॅम्पात कोंबली गेली, हजारो जण आंध्रच्या जंगलात पळाले. शेवटी ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टाने आदिवासी पोरांना असं एसपीओ, म्हणजे विशेष पोलीस अधिकारी, करून लढाईत उतरवणं घटनाबाह्य ठरवलं. तोवर भाऊ भावाचा वैरी झाला होता.

आणि संयम ठेवणं हे बोलायला सोपं आहे हो. २००९ हे साल गडचिरोली पोलीस विसरू शकत नाहीत. फेब्रुवारीत मरकेगावला नक्षल हल्ल्यात १५ पोलीस मारले गेले, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७. ज्याने आपल्या बॅचमेटचा मृतदेह खांद्यावरून आणलाय त्याने दुसऱ्या दिवशी त्याच भागातल्या गावात जायचं आणि म्हाताऱ्याला शांतपणे विचारायचं, काका, पाणी मिळेल का. हे जे करू शकले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

गेल्या काही वर्षांत इथल्या पोलीस मदत केंद्रांत एक खिडकी सुरू झाली, दादालोरा खिडकी, नावच माडिया वळणाचं. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि जातीचा दाखला, आधार, पॅनकार्ड, बियाणं, नोकरीचा फॉर्म, जे काय असेल ते. ज्या दाखल्यासाठी तालुक्याला दोन-तीन खेपा व्हायच्या आणि मजुरी बुडायची तो तिथेच मिळायला लागला. यात फार मोठं तत्त्वज्ञान नाही, पण ज्या गेटकडे लोक बघायचेही नाहीत त्या गेटमधून म्हाताऱ्या आत यायला लागल्या.

पण सगळं श्रेय पोलिसांना देऊन चालणार नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणणारं हे गाव, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबू विकायचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हातात आला. पुढे कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करायला लागल्या. म्हणजे ज्या भावासाठी दलमची गरज वाटली होती तो भाव गाव स्वतःच ठरवायला लागलं. मला विचाराल तर बंदुकीची सद्दी संपण्यात याचा वाटा कुणी नीट मोजलेलाच नाही.

एप्रिल २०१८ मध्ये कसनासूरच्या चकमकीत आणि नंतरच्या कारवाईत ४० जण मारले गेले. पोलिसांसाठी मोठं यश. पण गट्टेपल्लीची काही पोरं त्यात होती, घरचे सांगत होते लग्नाला गेली होती, पोलीस सांगत होते नुकतीच दलममध्ये भरती झालेली. अशा वेळी आईबापांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणारं कुणीतरी लागतं, आणि नेमकं तेच कमी पडतं.

१ जानेवारी २०२५ ला नक्षल नेत्या तारक्काने शस्त्र ठेवलं, चाळीसेक वर्षं जंगलात काढलेली इथलीच बाई. ऑक्टोबरमध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती ६० साथीदारांसह शरण आला. त्याच १ जानेवारीला गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या रस्त्यावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली.

आणि याच एटापल्ली तालुक्यात, तोडगट्टाला, २०२३ मध्ये आजूबाजूच्या गावांतले लोक कित्येक महिने ठिय्या मांडून बसले होते. शाळा द्या, दवाखाना द्या म्हणत होते, खाण नको आणि खाणीसाठीचे रुंद रस्ते नकोत म्हणत होते. नोव्हेंबरमध्ये वांगेतुरीला पोलीस मदत केंद्र उभं राहिलं, एका दिवसात, आणि त्याच सुमारास ते आंदोलन उठवलं, अटका झाल्या. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आज आलापल्लीच्या रस्त्यावर रात्रंदिवस पळतात. एसटीत बसलेली बाई मोहफुलाची टोपली मांडीवर घेऊन खिडकीतून ते ट्रक बघत असते, आणि खाणीच्या गेटवर तोच गणवेश उभा असतो जो दादालोराच्या टेबलामागे बसून तिचा दाखला काढून देतो.