५५ अंशांवर हरवलेलं काहीतरी

[दृश्य: गरम पाण्यात उभी काचेची नळी, आत फिकट पिवळा द्रव.]

साल १८९५, पॅरिसची पाश्चर संस्था. कॉलऱ्याची लस घेऊन हाफकिन दोनच वर्षांपूर्वी इथून हिंदुस्थानात गेलेत; परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. इकडे ज्यूल बोर्दे हा पंचविशीतला बेल्जियन डॉक्टर त्याच जंतूंच्या मागे लागलाय.

जनावराला हे जंतू टोचले, की पुढे त्याचं सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर सुटणारं पिवळसर पाणी, जंतूंना विरघळवून टाकतं. एवढं ठाऊक होतं. बोर्देनं ते सीरम ५५ अंशांवर तापवलं. आपला चहा याहून गरम असतो! पण तेवढ्यानं सीरम निकामी झालं, जंतू खुशाल वळवळत राहिले. मग त्यानं कधीच न टोचलेल्या जनावराचं ताजं सीरम त्यात थोडंसं घातलं. ते एकटं या जंतूंचं काही बिघडवू शकत नव्हतं. इथे मात्र जंतू पुन्हा विरघळायला लागले.

म्हणजे काम दोघांचं होतं. एक उष्णतेला दाद न देणारा, टोचल्यावरच तयार होणारा: प्रतिपिंड, अर्थात अँटिबॉडी. दुसरा आधीपासूनच रक्तात असलेला, पण उष्णतेपुढे नाजूक. त्याला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी नाव दिलं कॉम्प्लिमेंट, पूरक. नाव जरा अन्यायाचंच, कारण इथे जंतू फोडतो तो हा पूरकच.

[दृश्य: जिवाणूचा पृष्ठभाग, अगदी जवळून.]

प्रतिपिंड दिसतो गलोलीच्या बेचक्यासारखा. दोन फाटे जंतूला घट्ट धरतात, दांडा बाहेर राहतो. पूरक म्हणजे खरं तर एक नव्हे, प्रथिनांची साखळीच. त्या दांड्यांवर येऊन बसतं त्यातलं पहिलं प्रथिन: सहा बोंडांची जुडी. पुस्तकं तिला ट्युलिपचा गुच्छ म्हणतात. निशिगंधाच्या कळ्या म्हणा हवं तर. एकच दांडा हाती लागून ती जागी होत नाही, शेजारीशेजारी अनेक लागतात. म्हणून रक्तात सुटे फिरणारे प्रतिपिंड उगाच आग लावत नाहीत.

जुडी जागी झाली, की एक प्रथिन दुसऱ्याला कापतं, दुसरं तिसऱ्याला. त्यातल्या सी-थ्री नावाच्या पूरक प्रथिनाचे मोठे तुकडे जंतूला असे चिकटतात, जशी माळरानावर कपड्यांना कुसळं. या कुसळांना धरूनच पांढऱ्या पेशी जंतू गिळतात. त्यांना बोलावतात वाटेत सुटलेले बारीक तुकडे.

आणि शेवटी सी-फाइव्ह ते सी-नाइन एकत्र येऊन जंतूच्या पटलाला भोक पाडतात. जेमतेम १० नॅनोमीटरचं. पाणी आत घुसतं, जंतू फुगतो, फुटतो.

जाड भिंतीच्या जिवाणूंवर हे भोक चालत नाही; ते गिळावेच लागतात. आपल्या पेशींवर मात्र हा मारा थोपवणारी प्रथिनं आधीच बसलेली असतात. पण ज्यांच्या रक्तात जन्मतः या शेवटच्या पाचांपैकी एखादं नसतं, त्यांना मेनिंगोकॉकस, म्हणजे मेंदूज्वराचा एक जिवाणू, पुन्हापुन्हा गाठतो.

[दृश्य: आजची प्रयोगशाळा. वॉटर बाथ, आकडा ५६.]

काही चाचण्यांआधी पूरक मध्ये येऊ नये, म्हणून आजही सीरम अर्धा तास ५६ अंशांवर ठेवतात. टेक्निशियन घड्याळ लावतो आणि पुढची नळी उचलतो.