संध्याकाळ म्हणजे किती वाजता?

आवाज येतोय ना मागे? बरं. मला विषय दिलाय 'विभक्त झाल्यावर मुलांच्या कस्टडीचं अ‍ॅग्रीमेंट कसं करावं', आणि मुद्द्याला धरून बोला असं आयोजकांनी बजावलंय, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. 'ताबा' हा शब्द. प्लॉटचा ताबा, फ्लॅटचा ताबा, आणि पोराचाही ताबाच! शब्द ऐकला की समोरचे दोघंही कुंपण घालायलाच निघतात. १९८९ च्या बालहक्क करारात, तो संयुक्त राष्ट्रांचा, त्यातलं कलम ९ बघा, आईबाप वेगळे झाले तरी दोघांशी नियमित संबंध ठेवायचा हक्क दिलाय तो मुलाला. आईबापांचा हक्क म्हणून नाही लिहिलेलं ते. असो, मी चिडते यावर.

मी मध्यस्थीचं काम करते, म्हणजे दोघांच्या मध्ये बसून दोघांची बोलणी खाते. एका जोडप्याचं अ‍ॅग्रीमेंट माझ्यासमोर दोन तासांत झालं, दोन तासांत! माझी कॉलर टाईट. त्यात एक वाक्य होतं, 'वडील दर शुक्रवारी संध्याकाळी मुलीला घेऊन जातील.' आता संध्याकाळ म्हणजे किती वाजता? वडिलांची पाचला सुरू व्हायची आणि आईची सातला. पहिल्याच शुक्रवारी ते पाचला हजर, ही म्हणाली सातला या, ते म्हणाले मी हलत नाही आणि खाली गाडीत बसून राहिले, ही वर फोनवर मला धारेवर धरतेय, आणि सात वर्षांची ती पोर जिन्यात, पाठीला दप्तर, पायात ते वेल्क्रोचे बूट. फोनमधून मला आवाज येत होता, चर्र... परत चर्र... पट्टा सोडायची, लावायची, सोडायची. मी विचारलं कसला आवाज, तर आई म्हणाली काही नाही हो, बुटांशी खेळतेय. खेळत कसली! खाली गेलं तर आईला राग, वर गेलं तर बाबांना वाईट वाटणार, म्हणून बरोबर मधल्या पायरीवर बसलेली. पावणेसातपर्यंत. आणि ते वाक्य लिहिलं कुणी होतं? मीच.

पुढच्या आठवड्यात 'संध्याकाळी' खोडून 'साडेसहाला, क्लासच्या गेटवर' असं केलं. भांडणं संपली का? छे, पण त्या विषयावरची तरी संपली. तेव्हापासून 'सोयीनुसार', 'वाजवी', 'एकमेकांशी बोलून' हे शब्द दिसले की मी पेन काढते, कारण ज्यांना एकमेकांशी बोलून जमतं त्यांना माझी गरजच नसते.

अरे, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मेन विषय आता पळतपळत.

मूल राहणार कुणाकडे आणि त्याचे निर्णय घेणार कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगवेगळे लिहा. मूल जास्त दिवस एकाकडे राहून शाळा, ऑपरेशन असले निर्णय दोघांचे असू शकतात, फक्त एकमत झालंच नाही तर पुढे काय, तेही लिहा. टाईमटेबलमध्ये २-२-३ असा एक प्रकार असतो, दोन दिवस एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, तीन परत पहिल्याकडे, पुढच्या आठवड्यात उलट, की चौदा दिवसांत सात-सात होतात. लहानग्याला बरं, कारण तीन दिवसांच्या वर कुणीच लांब राहत नाही, पण दप्तर सारखं इकडून तिकडे, म्हणून मोठ्या मुलांना आठवडा-आठवडा बरा पडतो. घरं लांब असतील तर दोन्ही विसरा. सुट्ट्यांचं वेगळं पान करा आणि रोजच्या टाईमटेबलपेक्षा ते पान वरचढ, असं स्पष्ट लिहा. शक्य तिथे एकाने शाळेत सोडायचं, दुसऱ्याने शाळेतून न्यायचं, दारातला सीनच नको. निरोप पोराच्या हाती पाठवायचे नाहीत. दर वर्षी करार परत वाचायचा, तारीख आत्ताच टाका, आणि पोरांना विचारा, पण 'कोण हवं' असं नाही हं, 'काय अवघड जातं' असं.

आणि घरात मारहाण झाली असेल तर मी आत्ता सांगितलेलं काही लागू नाही, तिथे आधी सुरक्षितता, भेट झालीच तर तिसऱ्या माणसाच्या देखरेखीत.

पासपोर्ट राहिला! मूल परदेशात नेऊन परत न आणण्याबद्दल १९८० चा हेगचा करार आहे, सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी, पण सगळे देश त्यात नाहीत. तेव्हा पासपोर्ट कुणाकडे राहणार आणि प्रवासाची लेखी परवानगी किती दिवस आधी घ्यायची, आकडा टाका. 'वेळेत' लिहू नका. हो हो, थांबते, ते मागचे काका मघापासून हात वर करून बसलेत. विचारा काका.