ओढ्याची वीज आणि मोटारीचा अल्टरनेटर

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

सह्याद्रीच्या उतारावरील वाड्यांतून मला नेहमी एकच प्रश्न विचारला जातो. ओढा दिवाळीपर्यंत वाहतो आणि मोटारीचा जुना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारे यंत्र, भंगारात स्वस्त मिळतो, मग या दोहोंची गाठ घालून घरात दिवे का लावू नयेत? लावता येतात, हे उत्तर आधीच देऊन टाकतो. ते कोणत्या ओढ्यावर लावता येतात, हा आजचा विषय आहे. पण त्याआधी गेली कित्येक वर्षे मनात असलेली एक तक्रार मला मांडलीच पाहिजे.

ही तक्रार अल्टरनेटरवरच्या पट्टीविषयी आहे. पट्टीवर ६५ अँपिअर असे लिहिलेले असते आणि वाचणारा त्याला १४ व्होल्टने गुणून नऊशे वॅट गृहीत धरतो. पण तो आकडा अल्टरनेटर मिनिटाला सुमारे ६००० फेरे घेत असतानाचा असतो. मोटारीत हे सहज साधते, कारण इंजिनाची पुली मोठी, अल्टरनेटरची लहान, आणि खर्च होणारे पेट्रोल कोणी वॅटमध्ये मोजत नाही. एका वस्तीत मी पाहिलेले पाणचक्र मिनिटाला जेमतेम पंधरा फेरे घेत होते. त्यावरून अल्टरनेटर फिरवण्यासाठी तीन टप्प्यांचे पट्टे लावले होते, आणि चक्राने कमावलेली शक्ती ते पट्टेच खाऊन टाकत होते. ज्यांनी हे बसवून दिले, त्यांनी गावकऱ्यांना ‘पाणी कमी पडते’ असे सांगितले आणि ते निघून गेले. पाणी भरपूर होते. दोष ओढ्यावर ढकलला गेला आणि त्या वाडीत पुन्हा कोणी पाण्यापासून विजेचे नाव काढले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात, कायमचुंबक नसतो. कार्बन ब्रशांमधून तीन-चार अँपिअर प्रवाह देऊन त्याला चुंबक बनवावे लागते. म्हणजे चाळीस-पन्नास वॅट आधी त्यालाच द्यायचे. ओढ्यातून शंभरच वॅट मिळणार असतील, तर हा हिशेब कसा जुळावा? शिवाय रात्री जाळीवर पाने साचून चक्र थांबले, तरी रोटर बॅटरीतून प्रवाह ओढत राहतो. मोटारीत किल्ली फिरवली की तो तुटतो. ओढ्यावर किल्ली फिरवायला कोणी बसलेले नसते. दहा तासांत पस्तीसेक अँपिअर-तास गेले, तर सकाळी बॅटरी निम्मी रिकामी झालेली सापडते. म्हणून चक्राला पाणी आणणाऱ्या नळातला दाब कमी होताच रोटरचा प्रवाह तोडणारा स्विच बसवल्याशिवाय हे यंत्र चालू करू नये.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो. अल्टरनेटरला उंचावरचे पाणी मानवते. २० मीटर उंचीवरून सेकंदाला ५ लिटर पाणी नळाने आणले, तर त्यात सुमारे ९८० वॅट शक्ती असते. १० सेंटिमीटर व्यासाचे लहान पेल्टन चक्र, म्हणजे वाट्यांवर पाण्याची धार आदळून फिरणारे चाक, या पाण्यावर मिनिटाला सतराशेच्या आसपास फेरे घेते आणि अल्टरनेटर थेट त्याच्या दांड्याला जोडता येतो. पट्टा लागतच नाही. नळ, चक्र, डायोड (अल्टरनेटरची वीज बॅटरीला चालेल अशी एकाच दिशेची करणारे भाग) आणि रोटर यांचा वाटा वजा जाता तीनशे वॅट हाती यावेत. कॅलिफोर्नियात, जिथल्या सोन्याच्या खाणींत लेस्टर पेल्टन यांचे चक्र जन्मले, तिथे डॉन हॅरिस यांनी बनवलेली लहान पाणवीज यंत्रे मोटारीच्या अल्टरनेटरवर याच रीतीने चालली. रोटरच्या वाटेत बदलता रोध घालून त्यांनी त्याची भूक पाण्याच्या मानाने कमी-जास्त करण्याची सोय ठेवली होती. कायमचुंबकाच्या यंत्रात ही सोय नाही. बॅटरी भरल्यावर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमी करतो, चक्र मोकळे धावते आणि वेगाची सवय असलेल्या अल्टरनेटरला त्याचा त्रास होत नाही, हा त्याचा खरा गुण आहे.

अंतराचा मुद्दा राहिला. १४ व्होल्टला तीनशे वॅट म्हणजे २१ अँपिअर; १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ते शंभर मीटर नेल्यास निम्मे व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर चक्राजवळच्या खोपीत ठेवावे आणि घराकडे २३० व्होल्ट न्यावेत. यंत्र फिरत असताना बॅटरीची तार मात्र कधीही काढू नये, कारण त्या क्षणी उसळणारा विजेचा दाब डायोड जाळून टाकतो.